खाडी संध्याकाळी ओलांडा: बाणकोट ते जयगड पायी जाताना मुक्काम कसे ठरवावेत

किनाऱ्याने पायी जायचं म्हणून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, रोज किती किलोमीटर चालायचं?" मी त्यांना म्हणतो, किलोमीटर राहू देत, आधी पंचांग काढा. घाटावरच्या वाटेवर पाय थकले की मुक्काम करता येतो. इथे मुक्काम ठरवते ती भरती-ओहोटी, आणि तिच्या खालोखाल खाडी.

मी चौतीस वर्षं एसटीत वाहक होतो. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वस्तीच्या गाडीवर गेली. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात किंवा कुणाच्या पडवीत अंग टाकायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं. त्यामुळे ही गावं मला रात्रीची आणि पहाटेची जास्त ओळखीची. निवृत्त झाल्यावर तीच गावं किनाऱ्याने जोडत चाललो. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं आणि दक्षिणेला शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडला संपवायचं. चार वेळा ही वाट केली आहे. ती कुणी आखून दिलेली नाही, पाट्या नाहीत, दगडावर बाण नाहीत. थोडी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, थोडं खडप म्हणजे किनाऱ्याचा खडक, मधे सडा म्हणजे उघडा कातळ, गावात शिरताना पाखाडी म्हणजे दगडी पायवाट आणि जिथे इलाज नाही तिथे डांबरी रस्ता, अशी ती बनते. आरामात दहा दिवस लागतात, गुहागरच्या विश्रांतीचा दिवस वेगळा.

आता पंचांगाचं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब साधा आहे. ज्या दिवशी चालायचं त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. हा अंदाज आहे, तासभर मागेपुढे होतो, म्हणून भरतीच्या वेळांचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं अॅप बघाच. पण पाऊणपट तोंडपाठ असली की मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही.

या गणितावरून निघायचा दिवस ठरवा. मी नेहमी शुक्ल द्वितीयेला निघतो. द्वितीयेला ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास लागते आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकत सप्तमीला सव्वाअकरापर्यंत येते. हे सहा दिवस सोन्यासारखे असतात. सकाळी उन्हाआधी पाणी उतरलेलं असतं आणि पुळणीवर पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर पाऊल रुतत नाही. तीच वाट भरतीत चालून बघा. सुरूच्या बनाखालच्या भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत पाय जातो आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात. शुक्ल पक्ष घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे संध्याकाळी चांदणं असतं. मुक्कामाला थोडा उशीर झालाच तर पाखाडीचा दगड दिसतो.

सकाळी ओहोटी म्हणजे दुपारनंतर भरती. आणि लहान होड्यांना खाडीत चालायला भरतीच लागते, ओहोटीला मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडतो आणि होडी चिखलात बसते. यातूनच माझा नियम निघाला आहे. मोठी खाडी दुपारनंतर, संध्याकाळच्या आत ओलांडा आणि पलीकडच्या गावात झोपा. बहुतेक जण अलीकडे झोपतात, सकाळी होडीची वाट बघत बसतात, होडी येईपर्यंत ओहोटी निघून जाते आणि पलीकडची पुळण भर उन्हात, चढत्या पाण्यात चालावी लागते. पलीकडे झोपलात तर सहा वाजता दार उघडून थेट ओल्या वाळूवर.

ऋतू एका वाक्यात सांगतो. मार्गशीर्ष ते माघ. फाल्गुनानंतर सड्यावरचा कातळ तापतो, आणि पावसाळ्यात या वाटेचं नावही काढू नका.

वेसवीला फेरीतून उतरलात की रस्त्याने बाणकोट. किल्ल्यावर, म्हणजे हिम्मतगडावर, अर्धा तास काढा. सावित्री समुद्राला कशी मिळते ते वरून नीट दिसतं, आणि खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे कुठे असतात हे एकदा उंचावरून बघितलं की पुढच्या प्रत्येक खाडीशी कामाला येतं. पहिला मुक्काम वेळासला. नाना फडणविसांचं मूळ गाव हे. आता लोक ओळखतात ते कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, आणि त्यातूनच घरोघरी पाहुणे उतरवायची पद्धत पडली. म्हणून नवख्या माणसाला पहिला मुक्काम इथे सोपा जातो, घरच्यांना सवय असते. पिल्लं सोडण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा घरं भरलेली असतात, आधी सांगितल्याशिवाय जाऊ नका. आणि हिवाळ्यात कधीही गेलात तरी रात्री पुळणीवर बॅटरी पाजळत फिरू नका. अंडी घालायला येणारी मादी उजेड बघून पाण्यातूनच परत फिरते.

वेळासहून केळशी. मधे भारजा नदीची खाडी आहे. होडी कोण नेईल, किती वाजता, हे आदल्या रात्री वेळासच्या घरीच विचारून ठेवा, नाहीतर आत जाऊन पुलावरून लांबचा वळसा पडतो. ही एक खाडी वाटेच्या मधे येते, तिथे संध्याकाळचा नियम लावायचा तर सकाळ वेळासलाच काढावी लागते. मी काढतो. पुळणीवर जातो, जेवून निघतो आणि चढत्या पाण्यावर होडीने पलीकडे होतो. केळशीचं गाव नारळी-पोफळीच्या आगरांत लपलेलं आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम बैलगाडी जाईल एवढी पाणंद. दक्षिणेच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी महालक्ष्मीचं देऊळ आहे. दुसऱ्या दिवशीची वाट तिथून सुटते, म्हणून मी घर त्या अंगाला बघतो.

इथे थांबून घरांबद्दल सांगतो, कारण या वाटेचा खरा आधार तीच आहेत.

गाव मुक्कामायोग्य आहे की नाही याची माझी कसोटी एकच. तिथे वस्तीची गाडी येते का? ज्या गावात एसटी रात्री मुक्कामाला असते त्या गावात चालक-वाहकाच्या जेवणाची, निजण्याची काहीतरी घडी बसलेली असते. एखादी खानावळ, चहाची टपरी, देवळाची ओसरी. शिवाय पाय मुरगळला, ताप आला तर पहाटेच्या गाडीने दापोली किंवा गुहागर गाठता येतं. अनोळखी गावात शिरल्यावर "इथे लॉज आहे का" असं विचारू नका. "वस्तीची गाडी कुठे लागते हो?" असं विचारा. तिथे जाऊन उभे राहिलात की पाच मिनिटांत कुणीतरी कुठे उतरायचं ते सांगतं.

घरी उतरणार असाल तर फोन सकाळी अकराच्या आत करा. संध्याकाळी सातला फोन करून "चार जण येतोय, जेवायला आहोत" म्हटलं की त्या माउलीची धावपळ होते. मासळी सकाळी येते, कुळीथ-वाल आधी भिजत घालावे लागतात, नारळ खवायचा असतो. किती जण, शाकाहारी किती, कधी पोचणार, पहाटे किती वाजता निघणार एवढं सांगा. दिवेलागणीच्या आत दारात हजर व्हा. बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, उघडून आत गेलात की परत लावा, नाहीतर गुरं आगरात शिरतात. पाय बाहेरच्या दोणीवर, म्हणजे पाण्याच्या कुंडीवर, धुऊन, वाळू झाडून मगच पडवीत या.

कोळथऱ्याला मी ज्या घरी उतरतो तिथल्या काकू पहिल्या खेपेला ताटावर वाढताना काही बोलल्या नाहीत. गरम भात, कुळथाचं पिठलं, लसणीची चटणी, शेवटी सोलकढी. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "आज कुठून चालत आलात?" कर्द्याहून म्हटल्यावर त्या उठल्या आणि घमेल्यात कोमट पाणी आणून माझ्या पायाशी ठेवलं, त्यात मूठभर खडेमीठ. "यात पाय सोडून बसा, मग झोपा." तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी मी हे मागून घेतो. खारट वाऱ्याने आणि वाळूने टाचांना पडलेल्या भेगा रात्रीत निवतात. कुणी एखाद्या जेवणाचे पैसे घ्यायला तयार नसलं तर वाद घालू नका, देव्हाऱ्यापाशी ठेवून नमस्कार करा.

केळशीहून आंजर्ल्याला आडे, पाडले अशी गावं घेत जायचं. सकाळी ओहोटी गाठलीत तर बराचसा रस्ता समुद्राच्या कडेने होतो. आंजर्ल्याला मी नियम मोडतो आणि खाडीच्या अलीकडेच झोपतो. जोग नदीच्या खाडीवर पूल झाला आहे, होडीची काळजी नाही, आणि पलीकडचं हर्णै हे जागं बंदर आहे, तिथे शांत झोप मिळत नाही. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी चढून जा. तिथून उद्याची सगळी वाट दिसते. समोर सुवर्णदुर्ग, हर्णैचा दीपस्तंभ, आणि त्यापलीकडे मुरूडची पुळण.

हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा तर कामात अडथळा न आणता कडेला उभे राहा. मुरूड आणि कर्दे यांची पुळण सलग आहे. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. सुट्ट्यांत इथे गाड्यांची आणि पर्यटकांची गर्दी असते, म्हणून शनिवार-रविवार असेल तर पुढे कर्द्याच्या शेवटच्या टोकाला उतरा.

कर्दे ते कोळथरे हा दिवस लांब आहे. लाडघरला तामस तीर्थाशी पाणी तांबूस दिसतं, तिथे घटकाभर बसा, मग बुरोंडीवरून पुढे. मधेमधे सडा लागतो. सड्याबद्दल शहरातल्या माणसाला कल्पना नसते म्हणून सांगतो. समुद्रापासून उठलेला सपाट जांभ्याचा कातळ, त्यावर ना झाड ना पाणी. डिसेंबरातही साडेदहानंतर खालून धग लागते. दोन पुळणींच्या मधे सडा असेल तर माणशी तीन लिटर पाणी घेऊनच चढा. पाऊलवाटा गुरांच्या असतात, त्या फुटतात आणि विरतात. समुद्र उजव्या हाताला राहिला पाहिजे एवढं धरून चाला. हापूसच्या बागेतून वाट जात असेल तर राखणदाराला हाक मारा, विचारा. मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते, तेव्हा बागेत शिरूच नका.

आता खाडीच्या पाण्यात उतरायचं कसं ते. मोठ्या खाड्यांशिवाय पुळणीच्या टोकाला लहान ओढे-खाड्या येतात, त्या पायी ओलांडता येतात, पण पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी ते अर्धा तास नंतर एवढ्याच वेळात. दुसऱ्या खेपेला मला अशाच एका ठिकाणी सव्वा तास उशीर झाला होता. पाणी गुडघ्याएवढं दिसत होतं. मधोमध गेलो तेव्हा मांडीला लागलं आणि पायाखालची वाळू धुऊन जायला लागली. काठावर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक म्हातारी ओरडली, "मागं फिर रे, फेस बघ कुठं चाललाय!" मी बघितलं. पाण्यावरचा फेस आणि वाळकी पानं समुद्राकडून आत, खाडीकडे चालली होती. भरती लागली होती. मागे फिरलो, पिशवी भिजली, तीन तास काठावर बसून राहिलो. त्यानंतर पाण्यात पाय घालायच्या आधी मी एक वाळकं पान टाकतो. ते समुद्राकडे गेलं तर उतरतो. जागच्या जागी फिरत राहिलं तर दोन मिनिटं थांबून परत बघतो. आत जायला लागलं की बसतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, तेव्हा ओहोटी पूर्ण उतरत नाही. द्वितीयेला घोट्याएवढं असणारं पाणी त्या दिवसांत गुडघ्यावर असतं, हेही धरून चाला.

आणखी एक. गढूळ, उथळ पाण्यात वाळूवर पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असते. पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून घासत पुढे न्या. तिला चाहूल लागली की ती निघून जाते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. आणि पट्ट्याची चप्पल पायात असू द्या, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने तळवा चिरतो. सबंध वाटेला हीच चप्पल बरी. बंद बुटात वाळू जाते आणि दुसऱ्याच दिवशी फोड येतात.

कोळथऱ्याहून पंचनदीवरून रस्त्याने दाभोळ. इथे माझा नियम दुसऱ्यांदा मोडतो, कारणासकट सांगतो. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, तिला भरतीसाठी थांबावं लागत नाही. आणि पलीकडे धोपाव्याहून अंजनवेलपर्यंत पुळण नाहीच, वीज प्रकल्पाच्या कुंपणामुळे रस्त्यानेच वळसा घ्यावा लागतो. म्हणजे सकाळच्या ओहोटीचा उपयोग नाही. मग दाभोळात झोपलेलं बरं. जुनं बंदर, किनाऱ्यालगतची दगडी मशीद, गावाबाहेर गुहेतली चंडिका देवी. गुहेत अंधार असतो आणि आत समयांचाच उजेड, डोळे सरावेपर्यंत दारातच उभे राहा.

अंजनवेलला गोपाळगड आणि दीपस्तंभाशेजारचं टाळकेश्वराचं देऊळ. गुहागरला पोचलात की एक दिवस पूर्ण थांबा. कपडे धुवा, चपलेचा पट्टा शिवून घ्या, पैसे काढून सुटे करून ठेवा, कारण पुढच्या लहान गावांत रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. देवस्थानाच्या खोल्यांची चौकशी व्याडेश्वराच्या देवळात करा. सहाएक किलोमीटरची सरळ पुळण आहे. इथे आलात की तिथीही अष्टमी-नवमी झालेली असते, ओहोटी भर दुपारी येते. गुहागरच्या पुढची वाट सड्याची आणि रस्त्याची जास्त, म्हणून फारसं बिघडत नाही. उलट्या दिशेने, जयगडकडून निघणाऱ्यांचं मात्र इथेच फसतं. त्यांच्या वाट्याला पुळणीचे दिवस वाईट ओहोटीत येतात.

गुहागर, असगोली, पालशेत, मग बुधल. बुधल ही खडकांच्या कुशीतली कोळ्यांची छोटीशी वस्ती, वरून उतरताना घरांची कौलं आणि ओढून ठेवलेल्या होड्या एकदम दिसतात. जाळी वाळत घातलेली असतात, त्यांच्यावरून चालू नका, कडेने जा. मुक्काम वेळणेश्वरला. नारळांच्या रांगेतून पुळणीवर आलेलं हे ठिकाण विसाव्याला फार चांगलं.

हेदवी जवळच आहे. दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन उमामहेश्वराच्या देवळाकडे खाली उतरा. शेजारी बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर. भरतीची लाट तिच्यात शिरते आणि पाणी उंच उडतं. बघायचं ते लांबूनच. कातळ ओला दिसतो तिथपर्यंत लाट येऊन गेलेली असते, त्या रेषेच्या आत पाऊल टाकू नका. ओल्या शेवाळावरून घसरलेला माणूस त्या चिरेतून वर काढता येत नाही. त्या दिवशीचा मुक्काम नरवणला करा. शेवटच्या दिवशी नरवणहून रोहिले, तवसाळ. तवसाळ-जयगड फेरीने शास्त्रीची खाडी ओलांडायची, तीही संध्याकाळीच, म्हणजे जयगडच्या किल्ल्याला बिनघाईचा सकाळचा वेळ मिळतो. अंगात ताकद असेल तर पुढे केशवसुतांचं मालगुंड आणि गणपतीपुळे आहेच.

फेरीतून जयगडला उतरलात की गावात शिरायच्या आधी जेट्टीवरच बसा आणि ज्या ज्या घरी उतरला होतात तिथे एकेक फोन करा. "पोचलो" एवढंच. पहिल्या खेपेला मी हे विसरलो. काही दिवसांनी कोळथऱ्याच्या काकूंचा फोन आला. त्यांनी रोज तिथी मोजून मी कुठवर गेलो असेन याचा हिशोब ठेवला होता, आणि एकादशी उलटली तरी मी कळवलं नाही म्हणून गुहागरच्या गाडीच्या वाहकाला विचारून माझा नंबर मिळवला होता.